पोर नाचतं, राखण कोण करतं?

आम्ही कोपरीच्या बायका बोलतोय. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की कोपरी. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला खाडी. मूळची वस्ती आगरी-कोळ्यांची. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, मग कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून माणसं येत राहिली. त्यामुळे आमच्याकडे नाचाला तोटा नाही. हळदीला कोळीगीतं, गणपतीत जाखडी, नवरात्रात गरबा, आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या स्टेजवर रेकॉर्ड डान्स. तुमच्याही गावात जत्रा असते, शाळेचं गॅदरिंग असतं. बचत गटाचा मेळावासुद्धा हल्ली लहान मुलींच्या नाचाशिवाय सुरू होत नाही.

नाचताना पोरांचे चेहरे कसे फुलतात ते आपण सगळ्याच बघतो. आज मात्र आम्हाला स्टेजच्या मागची गोष्ट सांगायचीय. आपल्या महाराष्ट्रात नाचणाऱ्या लेकरांची राखण कोणी केली, कोणी केली नाही, आणि ज्यांची झाली नाही त्यांचं काय झालं, ही ती गोष्ट. ती बरीच जुनी आहे, आणि सुरुवात जरा कडू आहे. तेवढी ऐकून घ्या.

खंडोबाचं जागरण आपल्या ओळखीचं. वाघ्या तुणतुणं धरतो, मुरळी घाटी वाजवत नाचते. आता जागरणाला येणारी मुरळी पुष्कळदा कलाकार म्हणून येते, बिदागी घेते आणि घरी जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. मूल होत नाही, झालेलं जगत नाही, घरात दुखणं हटत नाही, म्हणून आईबाप नवस बोलायचे आणि पोटची मुलगी खंडोबाला वाहायचे. मुलगी लहान असायची. तिचं लग्न देवाशी लागलं की माणसाशी लागायचं नाही. ती नाचायची, आणि नाच संपल्यावर तिला घरी नेणारं कोणी नसायचं. गावातल्या पैसेवाल्याचं तिच्याकडे लक्ष गेलं तर ‘नको’ म्हणायची सोय तिला नव्हती. नवस फेडला गेला आईबापाचा, आणि तो फेडत बसली ती पोर. यातल्या बहुतेक मुली दलित घरांतल्या असत, हे विसरून चालणार नाही. देव सगळ्यांचा होता, पण मुली वाहिल्या जात त्या मुख्यतः गरिबांच्या.

यावर बोलणारे लोक त्याच समाजातून पुढे आले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ नावाचं पत्र काढू लागले आणि त्यातून त्यांनी मुरळीच्या चालीवर सडकून लिहिलं. त्या पत्राला शिवूबाई नावाच्या एका मुरळीनं पत्र पाठवलं. स्वतःची दैना तिनं स्वतःच्या शब्दांत मांडली. नुसतं उपदेशाचं बोलणं सोपं असतं. मुरळीशी लग्न करून संसार थाटायला कोण तयार आहे, हा खरा प्रश्न होता. कांबळे यांचे सहकारी गणपतराव गायकवाड पुढे झाले आणि १९०९ च्या सुमारास हे लग्न झालं. विचार करा, त्या काळी लिहिता येणाऱ्या बायका किती होत्या? त्यात एक मुरळी आपलं दुःख छापायला देते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायकांशी बोलून, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढलं, म्हणून अशा बायका आपल्याला आज नावानिशी माहीत आहेत. कुठल्या वाचनालयात ते दिसलं तर गटात आणून मोठ्यानं वाचा.

पुढे १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. मुलीला देवाला वाहणं बेकायदा ठरलं, आणि वाहिलेल्या बाईचं लग्न कायदेशीर ठरलं. १६ जून १९३६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर भाषण केलं आणि हे जिणं सोडून द्या असं त्यांना स्पष्ट सांगितलं. कायदा झाला म्हणून चाल लगेच थांबली नाही, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या मैत्रिणींना आम्ही सांगायला नको. महाराष्ट्राला २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा आणखी एक कायदा करावा लागला. पहिल्या कायद्यानंतर एकाहत्तर वर्षांनी!

हे सगळं ऐकून काही जणी म्हणतील, म्हणूनच मुलींना नाचू देऊ नये. आमच्या गटातही हे म्हणणाऱ्या आहेत. आम्हाला ते पटत नाही. मुरळीच्या गोष्टीत वाईट काय होतं ते नीट बघा. नाचात वाईट काही नव्हतं. तिला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. तिच्या नाचाचा पैसा तिच्या हातात नव्हता. रात्री तिची वाट बघणारं घर नव्हतं. या तीन गोष्टी जिथं जिथं नसतात तिथं तिथं पोर अडचणीत येतं, मग ते देवळासमोर नाचो, तंबूत नाचो की टीव्हीवर.

तंबूचं म्हणाल तर तमाशा. पेशवाईच्या काळापासून तमाशात बायकांची कामं पुरुष करायचे, आणि त्यात कोवळ्या वयाची मुलंही असायची. नाच्या पोऱ्या म्हणायचे त्यांना. मुलग्यांचीही राखण करावी लागते हे आपण पटकन विसरतो, म्हणून मुद्दाम सांगतोय. पुढे बायका फडात आल्या, फड नावारूपाला आले, पण मुलं फडातच जन्मायची आणि फडातच वाढायची. दसऱ्याला फड बाहेर पडायचा तो चैत्र-वैशाखाच्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव फिरायचा. आज या गावात, उद्या त्या. शाळा कुठली आणि कशी?

विठाबाई नारायणगावकरांचं नाव ऐकलं नाही अशी बाई आपल्यात नसेल. १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या, वडिलांचा फड, म्हणून लहानपणीच पायात चाळ. भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा दोनदा गौरव झाला. तरी शेवटचे दिवस हलाखीचेच गेले, आणि २००२ मध्ये त्या वारल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. ती बाळंतपणाची गोष्ट आम्हाला मात्र कौतुकाची वाटत नाही. बाई खंबीर होती, तिला आमचा नमस्कार. पण नऊ महिन्यांच्या बाईला बोर्डावर उभं राहावं लागतं आणि समोरचे हजारो लोक खेळ चालू राहायची वाट बघतात, यात शरमेनं मान खाली घालावी अशीही गोष्ट आहे. नाचणारीचं दुखणं बघणाऱ्यांना दिसत नाही, आणि ती लहान असली तर तिला ते सांगताही येत नाही.

कोल्हाटी समाजातल्या मुलींचं काय व्हायचं, शिकू पाहणाऱ्या मुलीला शाळेतून काढून नाचायला कसं उभं केलं जायचं, ते डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये लिहून ठेवलंय. पुस्तक १९९४ चं. लेखकानं आईचं नाव आपल्या नावात लावलंय, तेवढ्यावरूनच पुस्तकात काय असेल ते कळतं.

आता जरा बरं बोलू. राखण नीट झाली तर काय होतं तेही आपल्याच इतिहासात आहे.

भोंडला आठवा. आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. परकरातल्या पोरीपासून सुरकुतलेल्या आजीपर्यंत सगळ्या एका फेरात. बघे नाहीतच, सगळ्या नाचणाऱ्या! शेवटी खिरापत ओळखायची नि खायची. मंगळागौरीच्या रात्री तरण्या पोरी पहाटेपर्यंत फुगड्या घालायच्या आणि घरातली माणसं निर्धास्त असायची, कारण आजूबाजूला सगळ्या आयाबायाच. तसाच आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातला तारपा. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे तालुके २०१४ च्या ऑगस्टपासून पालघर जिल्ह्यात गेले, पण त्याआधी ते आमच्याच जिल्ह्यात होते. भात तयार झालं की वारली पाड्यांवर तारपा घुमतो. वाजवणारा मध्ये, आणि हातात हात गुंफलेली माणसांची लांब साखळी त्याच्याभोवती फिरते. बाया, बाप्ये सगळे, आणि शेपटाला लहान पोरं. त्यांची पावलं चुकतात, ती पडतात, हसतात, पुन्हा धरतात. तारप्यात पुढची रांग नसते की मागची नसते, हे आम्हाला फार आवडतं.

स्टेज आलं तेव्हा हे बदललं. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढला आणि त्याबरोबर मेळे आले. पोशाख केलेली मुलं टिपऱ्या-लेझीम घेऊन पदं म्हणत फिरायची. सुरुवातीला सगळे मुलगेच. मुली त्यात येऊ लागल्या तेव्हा बराच गहजब झाला. मुलींनी चारचौघांत नाचायचं? घरंदाज मुलींनी? ती भिंत पाडणाऱ्यांत रोहिणीताई भाटे होत्या. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ काढली आणि मध्यमवर्गी घरांतल्या मुलींना कथक शिकवलं. चांगलं काम, मोठं काम. पण हेही म्हणायला हवं की क्लासची फी आणि पोशाखाचा खर्च ज्यांना झेपला त्यांनाच ते दार उघडलं. ज्या घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नाचत आल्या होत्या, त्यांच्या मुलींची शाळा मात्र तशीच बुडत राहिली. एकीच्या नाचाला कला म्हणायचं आणि दुसरीच्या नाचाला नाव ठेवायचं, हा भेद अजून आपल्या तोंडातून गेलेला नाही.

राष्ट्र सेवा दलाचं कलापथक ही आणखी एक चांगली आठवण. सेवा दल १९४१ चं. वसंत बापट, लीलाधर हेगडे अशी मंडळी कलापथकात होती. मुलगे-मुली बरोबरीनं नाचायचे, दौऱ्यावर जायचे. निळू फुले त्यातूनच आले, आणि स्मिता पाटील लहानपणी त्यात नाचल्या. परगावी मुक्काम असूनही घरचे मुली पाठवायचे. का? तर बरोबर कोण आहे हे माहीत असायचं. पथकातली मोठी माणसं नावानं आणि स्वभावानं ओळखीची होती. नाचाची जबाबदारी घेणारं कोणीतरी होतं, आणि ते कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आज आपल्या स्टेजच्या कार्यक्रमांत नेमकी हीच जागा रिकामी दिसते. कार्यक्रम मंडळाचा, स्टेज मांडववाल्याचं, आवाज साउंडवाल्याचा, नाच क्लासवाल्याचा, आणि पोर? पोर कुणाचं? काही झालं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

काय होऊ शकतं त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण हरियाणातलं आहे. सिरसा जिल्ह्यात डबवाली नावाचं गाव. २३ डिसेंबर १९९५. शाळेचं वार्षिक संमेलन. एका लग्नाच्या हॉलच्या आवारात मांडव घातलेला, मांडवाचं कापड कृत्रिम धाग्याचं. मुलं नटून तयार, आयाबाप बघायला बसलेले. विजेच्या बिघाडानं आग लागली. पेटतं कापड वितळून अंगावर पडू लागलं, आणि एवढ्या गर्दीला बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून जास्त माणसं गेली. त्यांत शाळकरी मुलं आणि त्यांच्या आया फार होत्या. नुकसानभरपाईचा खटला वर्षानुवर्षं चालला. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. बाहेर पडायच्या वाटा किती, एवढं कोणी मोजलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला गेलात की बसण्याआधी हे मोजा. मांडवात दोन मोकळ्या वाटा, वाळूच्या बादल्या, वायरी पोरांच्या पायात न येणाऱ्या. याला पैसे लागत नाहीत.

ठाण्याचं स्वतःचं प्रकरण दहीहंडीचं. हंडीला तुम्ही नाच म्हणणार नाही, पण ढोल-डीजे, स्टेज, गर्दी, बक्षीस आणि मध्ये एक लेकरू, हे सगळं तेच. आणि हंडीत तर सगळ्यात लहान पोर सगळ्यात वर! ठाण्याच्या हंड्या लाखांच्या बक्षिसांसाठी गाजल्या. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं ठाण्यात नऊ थर लावले, उंची ४३ फुटांहून अधिक, गिनीज बुकात नोंद झाली. आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण थर वाढले तशी पोरं पडण्याचं भयही वाढलं. २०१४ साली नवी मुंबईत सरावाच्या वेळी एका शाळकरी गोविंदाचा जीव गेला. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, स्वाती पाटील यांच्या याचिकेवर, अठराखालच्या मुलांना हंडीत भाग घ्यायला मनाई केली आणि उंची २० फुटांवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, काही दिवस ढील मिळाली, २०१६ साली पुन्हा तीच बंधनं आली. शेवटी २०१७ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं १४ वर्षांखालच्या मुलांना मनाई कायम ठेवली आणि उंचीचा निर्णय सरकारवर सोडला.

या तीन वर्षांत आमच्याकडे घरोघरी भांडणं झाली. सणात कोर्ट कशाला, असं म्हणणारे होते. आमचं मत असं, की कोर्टाला यावं लागलं हीच गोष्ट वाईट. पोर खाली उतरवायला आईचा शब्द पुरायला हवा होता. पण ज्या पोराचा बाप मंडळात आहे, ज्याच्या घरी मंडळाकडून शाळेची फी आली आहे, त्याची आई काय बोलणार? नवस बोललेल्या आईबापापुढे जसं त्या मुरळी पोरीचं काही चालत नव्हतं, तसंच थोडंसं.

आवाजाचंही ठाण्यातलंच प्रकरण. इथले डॉ. महेश बेडेकर यांनी लाउडस्पीकर आणि रस्त्यातले मांडव यांवर याचिका केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं त्यावर मोठा निकाल दिला. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत लाउडस्पीकर नको हा नियम तर २००० सालापासूनच आहे. सणाचे थोडे दिवस सवलतीचे, तेही बारापर्यंतच. आता बघा, बालगटाचा नाच पत्रिकेत सातला लिहिलेला असतो. पाहुण्यांचे सत्कार, भाषणं, शाली-नारळ होता होता साडेनऊ वाजतात. सहा वर्षांची मुलगी तोपर्यंत गजरा आणि मेकअप सांभाळत उपाशी बसलेली. तिला शू लागलीय, पण पोशाख भाड्याचा, सुटायला अवघड, आणि संडास कुठंय ते कोणाला माहीत नाही. स्पीकरच्या भिंतीशेजारी बसवल्यानं कानात दडे बसलेले. ही काही मोठी दुर्घटना नव्हे, पेपरात येत नाही. पण अशा दोन-तीन संध्याकाळी गेल्या की पोर म्हणतं, मला नाच नको. मग आपण म्हणतो, हिला आवडच नाही.

कायदा आता काय सांगतो ते थोडक्यात. बालकामगारांच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांबद्दल स्पष्ट लिहिलं. व्यावसायिक कार्यक्रमात चौदाच्या आतलं मूल उतरवायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या मनाविरुद्ध काही नाही. शाळा बुडवायची नाही. आणि मिळकतीचा निदान वीस टक्के भाग मुलाच्याच नावानं बँकेत. आपल्या वाडीचा कार्यक्रम व्यावसायिक नसतो, त्याला हे सगळं लागू होईलच असं नाही. पण गज म्हणून हे नियम हाताशी ठेवायला काय हरकत आहे? मघाच्या त्या तीन गोष्टी, ‘नाही’ म्हणणं, पैसा आणि घर, यांतल्या पहिल्या दोन तर या नियमांतच आल्या आहेत. शंभर वर्षं लागली एवढंच.

दुसरा कायदा २०१२ चा, पोक्सो म्हणतात तो. अठराखालच्या कुठल्याही मुलाशी, मुलगी असो वा मुलगा, लैंगिक वागणूक केली तर गुन्हा. आणि मैत्रिणींनो, माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. कळवणाऱ्या बाईला भीती वाटते की गावात नाव निघेल. पण कायद्यानं पीडित मुलाचं नाव-गाव छापायला, सांगायला बंदी आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन नंबर चोवीस तास चालतो. तो स्टेजच्या मागं, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या आकड्यात लिहून लावा.

आम्ही आमच्या कार्यक्रमांना एक खोली फक्त कपडे बदलायला ठेवतो. दाराशी दोन बायका, आळीपाळीनं. आत मोबाइल न्यायचा नाही, क्लासच्या सरांनीसुद्धा नाही. सुरुवातीला एका सरांना राग आला, “माझ्यावर विश्वास नाही का?” म्हणाले. आमच्यातली एक मावशी म्हणाली, “सर, नियम माझ्या भावालाही आहे.” त्यावर त्यांना बोलता येईना. नवीन मुलीला पाऊल शिकवताना हात लावायचा तर आधी विचारायचं, हेही ठरलंय. आणि नाच झाला की पोर ज्याच्या हाती द्यायचं त्याचं नाव आधी वहीत लिहिलेलं हवं. शेजारचे काका न्यायला आलेत, एवढं पुरत नाही.

राखण म्हटलं की आपलं लक्ष वाईट माणसाकडे जातं. पण पोराला नाचातूनच वगळलं तर तेही त्याला लागतं, आणि ते काम आपण भली माणसंच करतो. पुढच्या रांगेत गोरी, बारीक मुलगी. सावळी मागे. जाडी असेल तर झाड व्हायचं, किंवा पडदा ओढायचा. भाड्याचा पोशाख परवडला नाही ती आपोआप गळाली. पाड्यावरून, वस्तीवरून येणारी मुलगी सरावाला रोज पोचत नाही म्हणून गळाली. ज्याला ऐकू कमी येतं त्याला विचारलंच नाही. आणि नाचणारा मुलगा असेल तर त्याला काय काय म्हणतात! गणपत पाटलांनी सिनेमात नाच्याची कामं केली आणि ती इतकी हुबेहूब केली की पडद्याबाहेरही टोमणे त्यांच्या मागे लागले. मोठ्या नटाची ही गत, तर नवरात्रात मनापासून नाचणाऱ्या बारा वर्षांच्या पोराची काय होत असेल?

सुधा चंद्रन आपल्या मुंबईच्याच. १९८१ साली, शाळकरी वयात, अपघातात त्यांचा उजवा पाय गेला. जयपूर फूट बसवून त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि १९८४ मध्ये मुंबईत भरतनाट्यमचा कार्यक्रम केला. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. त्यांची गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, बघा, जिद्द असली की सगळं होतं. आमचं म्हणणं, जिद्द होतीच, पण पाय बनवणारे होते, आईवडील होते, शिकवणारे होते, आणि स्टेज देणारं कोणीतरी होतं. आपल्या वाडीतल्या कुबडी घेणाऱ्या मुलीजवळ जिद्द आहे की नाही हे स्टेजला तीन उंच पायऱ्या ठेवून कसं कळणार? आम्ही गेल्या वर्षी एका नाचासाठी स्टेजच सोडलं. खाली मैदानात गोल फेर धरला, तारप्यासारखा. ऐकू न येणारा एक मुलगा ढोलाजवळ उभा राहिला. ढोलाचा ठोका त्याला छातीत कळत होता, आणि ताल त्याचाच सगळ्यात पक्का निघाला.

या नवरात्राला बालगट साडेसहाला, भाषणं नंतर, हे मंडळानं मान्य केलंय. पोशाख घरातल्याच साडीचा, असंही ठरलं. दोन आया नाराज आहेत, पण येतील. अडलंय ते बक्षिसावर. अर्ध्या जणी म्हणतात, नंबर काढले नाहीत तर पोरं मेहनत घेत नाहीत. अर्ध्या म्हणतात, आठाखालच्यांना नंबर नकोतच, सगळ्यांना खिरापत द्या. शनिवारी पुन्हा बसणार आहोत. तुमच्या गटात हे कसं करता ते रेडिओच्या पत्त्यावर आम्हाला कळवा, आणि शक्यतो शनिवारच्या आत.